सातव्या प्रकरणावर मिटलेली पोथी

आदरणीय ताई,

माझं वय 63. बँकेतून निवृत्त झालो, सुदामानगरात राहतो. चार वर्षांपासून रामबागेत एका स्नेह्यांच्या घरी दर गुरुवारी आम्ही आठ-दहा जण ज्ञानदेवांचं अनुभवामृत वाचतो. गेल्या कार्तिकात ओंकारेश्वरला पहाटे घाटावर बसलो होतो. पंधरा-वीस मिनिटं ‘मी’ म्हणून कोणी उरलंच नाही. नदी होती, लांबून घंटा ऐकू येत होती, पण ऐकणारा वेगळा नव्हता. नंतरचे दोन-तीन महिने फार हलके गेले. ऑनलाइन एका आचार्यांना ऐकतो. ते म्हणतात, कळल्यावर साधना करणं म्हणजे कळलं नाही याची कबुली देणं. मला ते पटलं. जप, पूजा, गुरुवार, सगळं सोडलं. वाचन तेव्हा सातव्या प्रकरणाच्या शेवटाशी आलं होतं. पोथी मिटून ठेवली आणि माळ त्याच घाटावर जाऊन नर्मदेत सोडून आलो.

आता सौ. कामापुरतं बोलते. देवपूजा ती एकटी करते. मलाही झोप नीट लागत नाही. परवा ओला-सुका कचरा वेगळा नाही म्हणून कचरागाडीवाल्या पोराने बादली परत दिली, तर मी असा भडकलो की शेजारी ओट्यावर आले. आत्मज्ञानानंतर साधना आणि अभ्यास चालू ठेवायचा असतो का? ठेवला तर जे झालं ते खोटं ठरत नाही का?

ता. क. माळ नवी घ्यावी लागेल का?

— अ. भा., इंदूर

नमस्कार अ. भा.,

तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं. ते तुमच्यावर नव्हतं, माझ्यावर होतं. त्याचं कारण पुढे सांगते.

पहिली गोष्ट, घाटावर जे झालं ते खरं की खोटं याचा दाखला मी देणार नाही. पत्राने असले दाखले देता येत नाहीत, आणि समोरासमोर बसूनही देणाऱ्यांपासून जरा लांब राहावं असं माझं मत आहे. एवढं मात्र सांगते की तुम्ही पत्रात ‘आत्मज्ञान’ लिहिलंत आणि वर्णन केलंत अनुभवाचं. कार्तिकातल्या एका पहाटे तो आला आणि पंधरा-वीस मिनिटांनी गेला. त्याचा हलकेपणा पौष-माघापर्यंत पुरला. जे येतं ते जातं, मग ते कितीही गोड असो. वेदान्त ज्याला ज्ञान म्हणतो ते येणाऱ्या-जाणाऱ्या वस्तूंमधलं नाही. त्या पंधरा मिनिटांत जे होतं तेच आत्ता, कचऱ्याची बादली हातात धरून ओरडतानाही होतं, याविषयी मनात तिळमात्र शंका न उरणं, हे ज्ञान. घाटावर तुम्हाला झलक मिळाली असेल, कदाचित त्याहून जास्तही काही असेल. पण झोप उडाली आहे ती अनुभव खोटा होता म्हणून नाही. तो पुन्हा येत नाही म्हणून उडाली आहे, असा माझा अंदाज. चुकत असेन तर कळवा.

आता ते आचार्य. त्यांचं वाक्य चुकीचं नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंत स्वच्छ सांगतात की जो आत्म्यातच रमला, त्याला करायचं असं काही उरत नाही. शंकराचार्य तर या बाबतीत कुणाला सवलतच देत नाहीत: ज्ञानाच्या जोडीला कर्म हवं, दोघं मिळून मोक्ष देतात, हे मत ते जागोजागी खोडून काढतात. दोरी दिसल्यावर साप मारायला काठी शोधायची नसते. इथपर्यंत तुमचे आचार्य आणि आद्य आचार्य एका बाजूला आहेत. गोम आहे ती ‘कळल्यावर’ या शब्दात. कळलं कधी म्हणायचं?

ब्रह्मसूत्रांचा चौथा अध्याय याच प्रश्नाने उघडतो. पहिलंच सूत्र: आवृत्तिरसकृदुपदेशात्. पुन्हा पुन्हा करावं, कारण उपदेशच पुन्हा पुन्हा केलेला आहे. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, ‘तत्त्वमसि’ (ते तूच आहेस) नऊ वेळा सांगतो, आणि तो मुलगा बारा वर्षं गुरुगृही शिकून आलेला होता. या सूत्राच्या भाष्यात शंकराचार्यांनी साळ कांडण्याचं उदाहरण घेतलं आहे. साळीवर मुसळाचे किती घाव घालायचे? शंभर? एकशे आठ? आकडा नाही. तांदूळ दिसेपर्यंत. एखाद्याला एका घावातच दिसला तर त्याने दुसरा घालू नये. पण उखळात तूस दिसत असताना मुसळ भिंतीला टेकवून ‘झालं’ म्हणणं हा मुसळाचा दोष नाही. श्रवण, मनन, निदिध्यासन, म्हणजे ऐकणं, त्यावर विचार करणं आणि ते मनात मुरवणं, यांची गोष्ट अशी आहे. ती पुण्य साठवायची कामं नाहीत. त्यांचं फळ डोळ्यांना दिसतं, तांदळासारखं.

घाटावर तुम्हाला दाणा दिसला हे मी मानते. उखळ रिकामं झालं असं मात्र तुमच्याच पत्रावरून वाटत नाही.

इथे माझं घंगाळ आणते.

मी चाळिशीत असताना विद्यारण्यांच्या पंचदशी या वेदान्तग्रंथातलं तृप्तिदीप हे प्रकरण वाचत होते. रोज पहाटे, आमच्या जुन्या घराच्या माळवदावर. त्यात दहाव्या माणसाची गोष्ट आहे: नदी ओलांडून दहा जण पैलतीरी येतात, जो तो स्वतःला सोडून मोजतो, नऊच भरतात, दहावा बुडाला म्हणून रडारड चालू होते, आणि एक वाटसरू म्हणतो, अरे, दहावा तूच. एका सकाळी ते वाक्य मला असं लागलं की पुस्तक हातातून खाली ठेवलं. पुढचे आठ महिने मी कशालाच हात लावला नाही. पोथी नाही, स्तोत्र नाही, एकादशी नाही. मैत्रिणींना किंचित वरून बघायचे. मग वडील गेले आणि घराची वाटणी निघाली. आईचं एक तांब्याचं घंगाळ होतं, एका कानाला पोचा आलेलं, आत पांढरा क्षार बसलेला. भावजयीने ते न विचारता तिच्या सामानात ठेवलं. मी भर दुपारी, तेराव्याच्या पंगतीची पत्रावळ उचलायच्या आधी, तिच्या पिशवीतून ते बाहेर ओढलं. जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ‘अहं ब्रह्मास्मि’ आणि ‘घंगाळ माझं’ ही दोन वाक्यं एकाच तोंडात किती आरामात नांदतात हे मला त्या दिवशी कळलं. तुमची कचऱ्याची बादली वाचली आणि मला माझं घंगाळ आठवलं, म्हणून हसू आलं.

तृप्तिदीपात दहावा सापडल्यावर एक बारकी गोष्ट येते, ती मी तेव्हा वाचून पुढे गेले होते. रडताना त्या माणसाने डोकं आपटून घेतलेलं असतं. दहावा सापडतो, रडं थांबतं, पण डोक्याची जखम लगेच भरत नाही. ती हळूहळू भरते. पण दहावा जिवंत असल्याच्या आनंदापुढे ती दुखत असूनही सोसवते. तुमची चिडचिड, माझं घंगाळ हे त्या जखमेतलं आहे. जखम आहे म्हणून दहावा सापडला नाही असं होत नाही, तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. जखमेला मलम लावल्याने घाटावरची पहाट खोटी ठरत नाही. पण सापडला म्हणून जखम नाकारायची, वर तीवर माशा बसू द्यायच्या, हे कुठलं शहाणपण?

या जखमेसाठीच विद्यारण्यांनी चौदाव्या शतकात जीवन्मुक्तिविवेक लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: तत्त्वज्ञान, वासनाक्षय (मुरलेल्या सवयी-ओढी झिजवणं) आणि मनोनाश (मनाची धावाधाव शमवणं), तिन्ही बरोबरीने चालवावीत. ज्ञानाच्या आधी भर तत्त्वज्ञानावर असतो, ज्ञानानंतर वासनाक्षय आणि मनोनाशावर. म्हणजे ज्ञानानंतर अभ्यास संपत नाही, त्याचं वजन एका खांद्यावरून दुसऱ्यावर जातं. आणि हे करून मिळवायचं काय, तर त्यांनी पाच प्रयोजनं सांगितली आहेत: ज्ञानरक्षा, तप, विसंवादाभाव, दुःखनाश, सुखाविर्भाव. ‘ज्ञान मिळवणं’ यात कुठेच नाही, हे बघा. मिळालेलं आहे, ते राखायचं आहे. शुकाचार्यांना सगळं आपलं आपण कळलं होतं, पण मन त्यावर विसावेना. वडिलांना विचारलं, त्यांनी तेच सांगितलं. मग जनकाकडे गेले, त्यानेही तेच सांगितलं. नवीन काहीच कळलं नाही, फक्त शंका गेली. ही ज्ञानरक्षा. तिसरं प्रयोजन विसंवादाभाव, म्हणजे कुणाशी वाद न उरणं. त्यात तुमचा कचरागाडीवाला येतो आणि तुमच्या सौ.ही येतात.

आणि उदाहरण त्यांनी कुणाचं द्यावं? याज्ञवल्क्यांचं. बृहदारण्यकातली जनकाची सभा आठवा. हजार गाई, शिंगांना सोनं बांधलेलं, आणि हा ऋषी वाद सुरू व्हायच्या आधीच शिष्याला सांगतो, हाक रे घराकडे. मग एकेकाला निरुत्तर करत शेवटी शाकल्याचं डोकं शापाने खाली पाडतो. विद्यारण्य म्हणतात, याज्ञवल्क्य ज्ञानी नव्हते असं कोण म्हणेल? पण चित्ताची विश्रांती झालेली नव्हती, विद्येचा मद होता, जिंकायची इच्छा होती. म्हणून तर पुढे मैत्रेयीला सगळं सांगून ते घर सोडून गेले. ज्ञानासाठी घेतात त्या संन्यासाला विविदिषा म्हणतात. हा ज्ञान झाल्यावर घेतलेला, म्हणून विद्वत्संन्यास. याज्ञवल्क्यांची ही कथा आहे, तिथे तुमची-माझी काय पत्रास?

एक गंमत सांगते. आपल्या नळाला नर्मदेचं पाणी येतं ते मंडलेश्वरजवळच्या जलूदहून. त्याच मंडलेश्वर-महेश्वरच्या टापूत मंडनमिश्र या जुन्या वेदान्ती पंडितांचं घर होतं, असं आपल्याकडे सांगतात. बिहारातले लोक त्यांचं गाव मिथिलेत दाखवतात, तो वाद राहू द्या. मंडनमिश्रांचं मत असं की ‘तत्त्वमसि’सारखं महावाक्य ऐकून होतं ते शब्दाचं, परोक्ष म्हणजे ऐकीव ज्ञान. जुना भ्रम मुरलेला असतो, तो जायला त्याच ज्ञानाचा दीर्घ अभ्यास लागतो. ते तर इथवर म्हणतात की गीतेतला स्थितप्रज्ञ हा सिद्ध नाही, वरच्या पायरीवरचा साधकच आहे. शंकराचार्यांचे शिष्य सुरेश्वराचार्य यांनी नैष्कर्म्यसिद्धी या ग्रंथात दीर्घ अभ्यासाच्या या मताला कडाडून विरोध केला. मोक्ष जर घोकून तयार होणार असेल तर तो तयार केलेली वस्तू ठरेल, आणि तयार झालेलं मोडतंही. मला सुरेश्वरांचं पटतं. पण मंडनांनी माणूस जवळून बघितला होता असंही वाटत राहतं. हजार-बाराशे वर्षं मोठमोठी माणसं ज्यावर भांडली, त्याचा निकाल मोबाइलच्या एका वाक्यावर लावून माळ पाण्यात सोडायची घाई नव्हती, एवढंच.

शिवाय तुमचे ते आचार्य ऑनलाइन बोलतात म्हणता. कळलं आहे त्यांना, तर हे बोलणं काय आहे? तैत्तिरीयात गुरू निरोप देताना सांगतो की स्वाध्याय आणि प्रवचन यांत चुकू नकोस. ते स्वतः दोन्ही करताहेत. चांगलं करताहेत. मग शिष्यालाच सुट्टी का? त्यांना एकदा विचाराच.

मुंबईत खेतवाडीत निसर्गदत्त महाराज होते. त्यांचं विडीचं दुकान होतं. 1933 मध्ये त्यांना गुरू भेटले, तीनेक वर्षांत काय व्हायचं ते झालं, 1981 मध्ये गेले. देशोदेशीचे लोक त्यांच्या माळ्यावर येऊन बसत आणि ‘काही करायची गरज नाही’ एवढं ऐकून परत जात. पण त्याच घरात रोज ठरल्या वेळी गुरूंच्या परंपरेतली भजनं व्हायची, टाळ वाजायचे, आणि महाराज स्वतः उभे राहून ती म्हणायचे. ते भजन म्हणून काही मिळवत होते असं वाटत नाही.

आपल्या इंदूरचंच बघा. कितीतरी मराठी घरांत संध्याकाळी करुणात्रिपदी, दत्ताची प्रार्थना, म्हटली जाते. नाना महाराज तराणेकरांनी ती या गावाच्या तोंडी बसवली. ती लिहिली टेंबे स्वामींनी, 1905 मध्ये नरसोबाच्या वाडीत. दंडी संन्यासी, शांकर परंपरेतले, अद्वैत कोळून प्यालेले. आणि पहिल्याच ओळीत ते मागतात काय? ‘मम चित्ता शमवी आता’. तुमच्या आचार्यांच्या हिशोबाने ही कबुलीच म्हणायची.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले त्याकडे येते. तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी सगळ्यात जास्त थांबले: वाचन सातव्या प्रकरणाच्या शेवटाशी आलं होतं.

अनुभवामृताची दहा प्रकरणं. सातवं सगळ्यात लांब, अज्ञानखंडन. ज्ञानदेव तिथे अज्ञानाला एकेका दारातून बाहेर काढतात आणि शेवटी दाखवतात की ते घरात नव्हतंच. हे वाचताना माणसाला चढते. वाटतं, संपलं, अज्ञान नाहीच, उठा. तुम्ही उठलात. मीही माझ्या पुस्तकातून असंच उठले होते. पण पुढचं आठवं प्रकरण, अगदी छोटंसं, एका बैठकीत होईल असं, त्याचं नाव आहे ज्ञानखंडन. अज्ञान नव्हतंच, तर ते घालवणारं ज्ञान तरी कुठून आणलंत? ‘मला झालं’ हे जे तुम्ही गेले काही महिने जपून ठेवलं आहे, पत्रात लिहिलं आहे, आणि साधना केली तर खोटं ठरेल म्हणून ज्याची राखण करत आहात, ते ज्ञानदेव आठव्यात हळूच काढून घेतात. राखण्यासारखं तिथे काही ठेवतच नाहीत. तुम्ही म्हणाल, विद्यारण्य राखा म्हणतात आणि ज्ञानदेव सोडा म्हणतात. राखायचं ते कळणं, सोडायचा तो कळल्याचा मान. माझ्या घंगाळाने मला या दोन्हींतला फरक शिकवला, पोथीने नाही.

आणि मग नववं. त्यात येते ज्ञानोत्तर भक्ती, ज्ञान झाल्यानंतरची. तुम्ही वाचलेलं नाही म्हणून एकच ओवी देते:

देव देऊळ परिवारु । कीजे कोरूनि डोंगरु ।
तैसा भक्तीचा व्यवहारु । कां न व्हावा ॥

वेरूळला गेला असालच. अखंड डोंगर, त्यात देवही कोरलेला, देऊळही, भोवतालची मंडळीही. वाहणारा दगड, वाहून घेणारा दगड, मधलं अंतरही दगडातच. म्हणून काय तिथे पूजा नाही? तसंच, सगळं एकच असताना भक्तीचा व्यवहार का होऊ नये, असं ते विचारतात. हा प्रश्न तुमच्या प्रश्नाच्या बरोबर उलटा आहे. तुम्ही विचारता, एकच आहे तर करायचं कशाला? ते विचारतात, एकच आहे तर अडतं कुठे? गीतेच्या अठराव्या अध्यायातला क्रमही हाच आहे. आधी ‘ब्रह्मभूत’, प्रसन्न, ना शोक ना आस; आणि त्यानंतर, त्याच श्लोकाच्या शेवटच्या चरणात, ‘मद्भक्तिं लभते पराम्’. परा भक्ती त्याला मिळते ती ब्रह्म झाल्यावर. आधीची जी, ती पोटापाण्याची. तृप्तिदीपातला ज्ञानीही आधी दिमाखात सांगतो की मला ना श्रवणाची गरज ना ध्यानाची, आणि मग खांदे उडवून म्हणतो, तरीही लोकांसाठी मी शास्त्राच्या वाटेनेच चालीन, माझं काय बिघडतं?

खरंच, तुमचं काय बिघडतं?

बिघडतं एकाच ठिकाणी, हिशोबात. पूर्वी तुम्ही जप करत होतात तो काहीतरी मिळावं म्हणून. तो हेतू संपला, आणि दुसरा हेतू माहीत नसल्याने जपच संपवला. आयुष्यभर बँकेत काढलेल्या माणसाला हे पचायला जड जाणार, की खात्यात काही जमा होणार नाही आणि तरी रोज शाखा उघडायची. आपलं शहर 2017 मध्ये स्वच्छतेत देशात पहिलं आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कचरागाडी आली की नाही? गाणं वाजवत आली. नंबर आला म्हणून घरात कचरा व्हायचा थांबत नाही. ज्या पोरावर तुम्ही ओरडलात, त्याला हे तुमच्या-माझ्याहून चांगलं कळलेलं आहे.

तोतापुरींची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. रामकृष्णांना अद्वैताची दीक्षा देणारे हे नागा संन्यासी आपला लोटा रोज घासत. रामकृष्णांनी विचारलं, तुम्हाला रोज ध्यान कशाला लागतं? ते म्हणाले, लोटा रोज घासला नाही तर काळा पडतो. रामकृष्ण म्हणाले, आणि सोन्याचा असला तर? ही गोष्ट लोक शेवटच्या वाक्यासाठी सांगतात. मला ती सांगताना नेहमी भीती वाटते, कारण ऐकणारा प्रत्येक जण आपला लोटा सोन्याचा समजून घरी जातो. तुमचा, तुम्हीच लिहिलेल्या लक्षणांवरून, चांगल्यापैकी पितळी आहे. माझा तांब्याचा.

आता काय करायचं ते सांगते.

येत्या गुरुवारी रामबागेत जा. घाटाबद्दल कुणाला सांगू नका, विचारलं तर गुडघे दुखत होते म्हणा, ते या वयात कधीच पूर्ण खोटं नसतं. वाचन नवव्यात पोचलं असेल तर मागे बसून ऐका आणि आठवं घरी एकट्याने वाचा. समजावून सांगायच्या फंदात महिना-दोन महिने पडू नका. पोहे आले की खा, जिरावण लागलं तर मागून घ्या.

जप बसून, ठरवून, पूर्वीएवढाच करा असं मी म्हणत नाही. पहाटे जाग येतेच आहे, तेव्हा दहा मिनिटं बसा. घाटावरची पहाट परत आणायला बसू नका, ती येणार नाही, आणि आली तर तिला चहा विचारू नका. आत्ता, या खुर्चीत, सांधे दुखत असताना ते तसंच आहे का, एवढं बघा. बृहदारण्यकाच्या भाष्यात शंकराचार्य म्हणतात की सुटलेल्या बाणासारखं प्रारब्ध जोरात असतं, त्यापुढे ज्ञान दुबळं पडू शकतं, म्हणून त्याग-वैराग्याच्या बळावर आत्मज्ञानाच्या स्मरणाची धार धरून ठेवावी. करायचं ते एवढं.

झोपेचं मात्र वेदान्तात शोधू नका. महिन्यावर झालं असेल तर डॉक्टरांना दाखवा, रक्तदाब आणि थायरॉइड बघून घ्या. ‘मी उरलो नाही’ या आठवणीने आनंदाऐवजी धास्ती वाटत असेल, तर तेही त्यांना मोकळेपणाने सांगा. यात कमीपणा नाही. कितीतरी ज्ञानी माणसांनी काढे घेतले आहेत.

आणि पूजा. तुमच्या पत्रात सौ.बद्दल दोनच वाक्यं आहेत, माळेवर एक अख्खा ता. क. आहे. तुम्ही पूजा सोडलीत तेव्हा ती बंद झाली नाही, तुमच्या वाट्याची त्यांच्या अंगावर पडली. त्यांना अद्वैताची अडचण असेल असं मला वाटत नाही. सकाळी सात वाजता ओल्या हातांनी फुलं निवडताना नवरा सोफ्यावर बसून व्हिडिओत ‘कर्ता कुणीच नाही’ ऐकतो आहे, ही अडचण असेल. उद्या सकाळी काही न बोलता ताम्हण, पळी आणि निरांजन घेऊन मोरीत बसा. चिंच घ्या किंवा पितांबरी घ्या. निरांजनाच्या कडेला आतून काजळी धरते, ती बोटाने निघत नाही, जुन्या टूथब्रशने काढा. त्या येऊन बघतील, कदाचित काही बोलणार नाहीत. तुम्हीही ‘आता मला कळलं’ असं बोलू नका. ते वाक्य या घरात पुरेसं झालं.

कचरागाडीवाल्या पोराला पुढच्या वेळी बादली देताना नाव विचारा. ओला कचरा वेगळा करून.

घंगाळाचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. आठ वर्षं माझ्याकडे होतं. मग एका दिवाळीला घासूनपुसून भावजयीकडे घेऊन गेले. तिने दारातच बघितलं आणि म्हणाली, आता गीझर आहे, ठेवू कुठे? त्यात तिने तुळस लावली आहे.

ता. क. नवी माळ घेऊ नका. सौ.ची मागा. देतात का बघा.

— तुमची ताई